हातिफच्या नावचा रस

तंबू आला म्हणून लफ्ताने गाडी हळू केली, एवढंच काय ते झालं. इमाम हुसेनच्या चाळिसाव्यासाठी करबलाला पायी निघालेल्या माणसांनी अबुल खसीबचा रस्ता सकाळपासून भरून गेला होता. काळे कपडे, काळे झेंडे, आणि थोड्या थोड्या अंतरावर सेवेकऱ्यांचा एकेक तंबू. पाणी घ्या, भात घ्या, पाय चेपून घ्या. नाही म्हणायची सोयच नाही. गाडीतून जाणाऱ्यालाही सोडत नाहीत. उघड्या खिडकीतून एक घामेजलेला हात आत आला, "घे आई, हुसेनच्या नावाने घे," असं कुणीतरी म्हणालं आणि निदालच्या मांडीवर रसाचं एक बर्फगार पाकीट टपकन पडलं. तिला आधी हसूच आलं. जन्मभर बंदरावर रस उतरवून घेऊन साऱ्या बसऱ्याला पाजणाऱ्या बाईला रस्त्यात कुणी रस फुकट द्यावा! मग तिचा अंगठा आपसूक पाकिटाच्या पोटावर गेला. चांगलं पाकीट अंगठ्याखाली थोडं आत जातं, सोडलं की परत वर येतं. हे दबेचना. टम्म होतं, गॅस धरलेल्या पोटासारखं. तिने ते उलटं केलं. हिरवा पेरू, त्यावर लाल पान. तिचीच छाप, तिच्याच एजन्सीची. आणि छापेच्या वर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली: मरहूम हाज्जी हातिफ सलमान यांच्या आत्म्यासाठी एक फातिहा वाचा. हातिफ तिचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि ह्या मालातलं एकही पाकीट बखारीबाहेर जाता कामा नये, असं तिने गेल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत बजावून सांगितलं होतं.

"काय दिलं, खाला?" लफ्ताने आरशातून विचारलं. गेली कितीतरी वर्षं तो तिची गाडी चालवतो आणि तोंडही चालवतो. "पेरू का? अरे वा, आपलाच. बघा, घरचं घरी परत आलं."

"चालव तू," ती म्हणाली.

गाडी पुढे निघाली आणि ती गप्प बसून राहिली. आपण थांब का म्हणालो नाही, ह्याचं तिला नवल वाटत होतं. पाकिटाचं पाणी अबायातून झिरपत मांडीपर्यंत आलं होतं आणि ते गार ओलसर बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच राग येत होता. हा माल सुरुवातीपासूनच अपशकुनी. इजिप्तहून निघालेलं जहाज. वाटेत समुद्रात तोफा डागताहेत म्हणून कप्तानाने सगळ्या आफ्रिकेला वळसा घातला. इकडे तोवर डॉलर चढला. जहाज लागलं तर बंदरावर नवाच हुकूम, देशी कारखान्यांना जपायचं म्हणून बाहेरच्या रसावर जकात वाढवलेली, आणि ती कुठल्या तारखेपासून धरायची हे ठरवणारा साहेब सुटीवर. मालाचे बंद कंटेनर ऑगस्टच्या उन्हात धक्क्यावर तापत पडले. मध्यंतरी अम्मानहून एक चुणचुणीत तरुण आला होता, डबाबंद रसाच्या बाजारावर त्याला कसलासा अहवाल करायचा होता. वाळक्या लिंबाचा चहा पीत त्याने विचारलं, आयातीतली सगळ्यात मोठी जोखीम कुठली, मॅडम? चलन, जकात, की वाहतूक? निदाल म्हणाली, ह्यातलं एकही नाही रे बाबा. ह्या सगळ्यातून माणूस वर येतो. जोखीम म्हणजे गिऱ्हाइकाचं तोंड. एका आईने एकदा पाकीट फोडलं आणि पोराच्या हातातून काढून मोरीत ओतलं, की ती तुझं नाव आयुष्यभर विसरत नाही, आणि शेजारणीलाही विसरू देत नाही. त्याने ते लिहून घेतलं नाही. असल्या गोष्टीला त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

हातिफकडे मात्र रकाना होता. तो घराच्या छतावर होता. कुठलाही माल उतरला की त्यातली दोन खोकी तो वर नेई आणि पाकिटं उन्हात मांडून ठेवी, ओळीने, मुलांना वर्गात बसवावं तशी. आठवडाभर राहू देई. मग सकाळी न्याहारीआधी अनशेपोटी एकेक फोडून प्यायचा. "ह्या गावात दुकानं पत्र्याची, ट्रक पत्र्याचे, वीज नाही, पंखा नाही," तो म्हणे. "माझ्या छतावर टिकलं तर पार सरहद्दीवर सफवानच्या टपरीवर टिकेल. आणि नासलं तर आधी माझं पोट दुखू दे." शेजारी खदाखदा हसत. उम्म मैस, तुझा नवरा आज काय वाळत घालतोय, पेरू का संत्री? उम्म मैस म्हणजे मैसची आई. मुलगी मैस आता स्वीडनमध्ये. लहान असताना ती त्या पाकिटांना नावं देई आणि कुठलंसं फुगलं तर रडत बसे. हातिफ गेल्यावर छतावर जाणं निदालने चालू ठेवलं. कुणी म्हणालं बिचारीला अजून नवऱ्याचा नाद सुटत नाही. म्हणोत. ह्या वेळी तिने मांडलेल्या पाकिटांतली जवळजवळ निम्मी टरारून वर आली होती. उरलेली बाहेरून गुणी दिसत होती, पण फोडली तर आत तपकिरी आणि आंबूस. नेमकं हेच वाईट होतं. फुगलेलं ओळखू येतं. गुणी दिसणारं ओळखू येत नाही. ती खाली आली आणि म्हणाली, सगळा माल फेकायचा. नगरपालिकेचा माणूस येईल, त्याच्यासमोर खड्ड्यात घालायचा. हातिफचा धाकटा भाऊ चासिब दाराशी उभा होता. बखारीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. तो काही बोलला नाही. एवढं गप्प राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तिने फोन लावला.

"वहिनी! पोचलात ऑफिसात?"

"चासिब, माझ्या मांडीवर पेरू आहे."

तो एकदम घाईघाईने बोलायला लागला. "अहो, मी सांगणारच होतो. पहाटे उचलला. वहिनी, देवाची देणगी अशी खड्ड्यात घालायची? पाप नाही का? त्यापेक्षा दादाच्या नावाने पुण्य तरी लागेल. बर्फात घालून दिलंय सगळं, गार केल्यावर काही होत नाही. आणि इमामाच्या नावाने दिलेलं कुणाला बाधलंय आजवर? तुम्हीच सांगा, बाधलंय?"

"नासलंय ते, मेल्या. छतावर बघितलंस ना तूच?"

"छत, छत! दादा गेला, छत राहिलं. अहो बाजारात कोण करतं असलं? आणि आता काय, वाटून झालंय बरंचसं. तुम्ही मुकाट ऑफिसात जा. तुमच्या पाया पडतो, रस्त्यात काही बोलू नका. ह्या गर्दीत कुणाचं पोट दुखलं तर लोक म्हणतील ऊन लागलं, भात शिळा होता. कुणाला रस आठवणार नाही. पण तुम्ही तोंड उघडलंत ना, तर उद्या अख्ख्या बसऱ्यात हिरव्या पेरूला कुणी हात लावणार नाही. इजिप्तवाले एजन्सी दुसऱ्याला देऊन मोकळे होतील. दादाने उभं केलेलं सगळं एका सकाळीत घालवाल, वहिनी."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. बाजार असाच आहे. आणि चासिब वाईट माणूसही नव्हता. भावाची शवपेटी नजफला नेताना त्याने कुणाला खांदा बदलू दिला नव्हता; दफन करून परतताना ह्याच रस्त्यावर तो लहान मुलासारखा हमसून रडला होता. चिठ्ठ्या छापून आणताना, रात्रभर त्या चिकटवताना त्याला नक्की भरून आलं असेल. निदालला ते दिसत होतं आणि तरी त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता. तिने फोन ठेवला. खिडकीबाहेर माणसं चालत होती. एक म्हातारा चाकाच्या खुर्चीतल्या बायकोला ढकलत होता. एका माणसाच्या खांद्यावर पोर झोपलं होतं आणि पोराच्या मुठीत हिरवा पेरू होता, नळी न टोचलेला. तिला तो उन्हाळा आठवला, नळाचं पाणी खारं आणि घाण होऊन सगळं शहर इस्पितळाच्या दारात ओकत बसलं होतं तो. पाकिटाचे भाव तेव्हा दुपटीवर गेले होते. हातिफने चढवले नाहीत. तो हातगाडी घेऊन इस्पितळाच्या अंगणात उभा राहिला, आणि जमिनीवर सलाईन लावून पडलेल्या माणसांच्या आया-बहिणी त्याच्याकडून रस घेताना पाकीट उलटंसुलटं करून बघत नव्हत्या. नुसती छाप बघत आणि पोराच्या तोंडाला लावत. त्या बायका तिला आता एकामागून एक दिसायला लागल्या. त्यांतल्या किती जणी आज ह्या रस्त्यावर असतील? आणि छाप बघून, वर हातिफचं नाव वाचून, तसंच, न बघता, पोराच्या तोंडाला लावतील. दोन वर्षं सगळे तिला सांगत आलेत, सबर कर. एजन्सी विक, सबर कर. बायकांचं काम नाही हे, चासिब बघेल, तू सबर कर. अरे, कसला सबर? काय म्हणून? घरात साठलेला राग सबर म्हणून किती दिवस झाकून ठेवायचा माणसाने? तोही फुगतो की एक दिवस.

"लफ्ता, गाडी वळव."

"आता? खाला, सगळी दुनिया मागून येतेय. मला काय पंख आहेत?"

"मग थांबव. मी चालत जाते."

"उन्हात? आणि मी काय गाडी घेऊन करबलाला जाऊ?" तो पुटपुटला, पण गाडी कडेला लावून तिच्याआधी खाली उतरला. लोकांच्या लोंढ्यातून उलट्या बाजूने जाताना खांदे लागत होते, काठ्या लागत होत्या. लफ्ता पुढे ओरडत होता, "वाट द्या, हाज्जींनो, वाट द्या, खाला काहीतरी विसरल्यात!" आणि निदाल त्याच्या मागे, हातातलं ते पाकीट छातीशी धरून. तिला भीती वाटत होती. उगाच कशाला खोटं बोला, चांगलीच वाटत होती. पण ती थांबली नाही.

तंबूत भल्यामोठ्या पत्र्याच्या हौदात बर्फ आणि बर्फात पेरू, वरपर्यंत. मागे कर्ण्यावर मोठमोठ्याने शोकगीत चाललेलं. तंबूचा मालक हाज्जी मिझबान, खजुराचा व्यापारी, हातिफचा जुना मित्र. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "ये बहिणी, ये! बघ, हातिफच्या नावाने किती लोकांचा घसा गार होतोय. चासिबने पहाटे गाडी आणली. अल्ला त्याला बरकत देवो."

"हाज्जी, वाटणं थांबवा. माल नासलाय."

"काय बोलतेस?" तो हसला. "इमामाच्या दारात आलेलं नासत नाही, बहिणी. नासलेलं असलं तरी बरं होतं. तीस वर्षं वाटतोय मी इथे. एकाचंही पोट दुखलं नाही."

तिचाही विश्वास होताच की. लहानपणापासून मुहर्रमातलं हातावर पडेल ते तिने डोळे मिटून खाल्लं होतं, आणि आजही कुणी मूठभर भात दिला असता तर खाल्ला असता. घोडं अडलं होतं ते इथेच. ह्या माणसाला बाजार कळत नव्हता असं नाही. त्याला तो ह्या तंबूत समजून घ्यायचाच नव्हता. "इमामाच्या नावाने चांगलं द्यायचं असतं, हाज्जी," ती म्हणाली. "घरात टाकून द्यायचं राहिलेलं नाही." आणि तिने मांडीवर पडलेलं ते पाकीट त्याच्या पुढ्यात धरून नळी टोचली. फस्स करून फेस उडाला, तपकिरी, त्याच्या पांढऱ्या दाढीवर आणि सदऱ्यावर. आंबलेल्या पेरूचा वास उन्हात पसरला. जवळची दोन माणसं मागे सरकली. हाज्जीने दाढीवर हात फिरवला, बोटांना वास घेतला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"बरं," तो हळू आवाजात म्हणाला. "बरं बाई. गुपचूप उचलतो. पोरांना सांगतो, मागे नेऊन ओततील. बोभाटा कशाला? तुझंही नाव राहील, त्याचंही."

किती सोपं होतं ते! लफ्तानेही मान डोलावली. तिला क्षणभर वाटलं, ठीक आहे की. मागे ओतू दे. आपण ऑफिसात जाऊ, पंख्याखाली बसू, संध्याकाळी चासिबला झापू. पण पुढे गेलेल्यांच्या मुठीत जे आहे त्याचं काय? त्या झोपलेल्या पोराच्या? ते जागं होईल आणि बाप नळी टोचून देईल.

तिने हौदात हात घातला, एक पाकीट बाहेर काढलं आणि जमिनीवर आपटून टाचेखाली फोडलं. मग दुसरं.

"अगं, हे काय करतेस!" आता हाज्जी दुखावला गेला. लोक बघत होते. "मयताच्या नावाने ठेवलेलं आहे ते! मयताच्या वाट्याला असे पाय लावतात?"

"मयत माझा आहे," निदाल म्हणाली.

ती मागे गेली, तिने शोकगीत बंद केलं आणि माइक हातात घेतला. एकदम शांतता झाली तसे रस्त्यावरचे लोक आपोआप वळून बघायला लागले. आपला आवाज कर्ण्यातून बाहेर पडताना किती चिरका वाटतो, हे ऐकून ती दचकली; मग तिने दचकणं सोडून दिलं. "मी निदाल. हातिफ सलमानची बायको. हिरव्या पेरूचा रस मी आणते, छाप माझी आहे. आजचा पेरू नासलाय. उन्हात तापून नासलाय. ज्यांच्या हातात असेल त्यांनी टाकून द्या. पोरांना देऊ नका. फुगलेला नसला तरी देऊ नका. मागच्यांना सांगा, पुढच्यांना ओरडून सांगा. चूक माझ्या बखारीची आहे, तंबूवाल्यांची नाही." हे तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या लक्षात आलं की आवाज आता कापत नाहीये. पुढे कुणीतरी ओरडलं, पेरू टाका! ती हाक लोंढ्यातून पुढे पुढे सरकत गेली, आणि तिच्या पाठोपाठ रस्त्यावर हिरवी पाकिटं पडायला लागली. पिशवीतला फोन थरथरत होता. चासिबच असणार. झालं, गेला हंगाम, गेली एजन्सी. तिला वाईट वाटलं, खूपच वाटलं, आणि तरी कुणाला तरी जिंकल्यासारखं अंगात बळ आलं होतं.

लफ्ता बाह्या सरसावून हौद उपसायला लागला. "खाला, ओतू सरसकट?" पण तिने त्याला थांबवलं. पाकीट फोडण्याआधी ती त्यावरची चिठ्ठी नखाने सोडवत होती. बर्फाने ओल्या झालेल्या चिठ्ठ्या अलगद निघत. हातिफचं नाव मातीत, आंबलेल्या रसात पडू द्यायचं नव्हतं. पण ठेवायच्या कुठे? तिने एक आपल्या अबायाच्या बाहीवर चिकटवली. मग तिच्याशेजारी दुसरी. थोड्या वेळाने हाज्जी मिझबान काही न बोलता खाली बसला आणि तोही चिठ्ठ्या सोडवून तिच्याकडे द्यायला लागला; त्याची नखं जाड, त्याच्याने निम्म्या फाटत होत्या. बघता बघता तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या.

दूर समुद्राकाठच्या फावहून चालत आलेली एक बाई तंबूच्या सावलीत पाय पसरून बसली होती. टाचा फुटलेल्या, ओठ कोरडे. तिने निदालच्या बाहीकडे बोट केलं. "काय लिहिलंय गं ते? मला वाचता येत नाही."

"माझ्या नवऱ्याचं नाव आहे. त्याच्यासाठी फातिहा वाचा असं लिहिलंय." आणि निदालला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "पण तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. सगळं ओतलं."

"मग काय झालं?" ती बाई म्हणाली. "वरच्याने काय रसावर हिशेब ठेवलाय?" तिने दोन्ही तळवे वर केले आणि पुटपुटत फातिहा म्हटला, पूर्ण, सावकाश. मग तोंडावरून हात फिरवून तिने हाज्जीकडे साधं पाणी मागितलं.

निदालने डोळे पुसले आणि फोन उचलला. चासिब नुसता ओरडत होता. वहिनी, हे काय केलंत, बाजारातून फोन येतायत, आपण रस्त्यावर आलो, संपलो आपण.

"हो, रस्त्यावरच आहे मी," ती म्हणाली. "आता रडू नकोस. अजून कुठल्या कुठल्या तंबूंना माल दिलास, तेवढं सांग."

तो पुन्हा बाजाराचंच बोलायला लागला.

"चासिब. हातिफच्या नावाने विचारतेय."

त्याने एकेक तंबूचं नाव सांगितलं. नावं पुष्कळ होती, पार झुबैरपर्यंत. ऊन माथ्यावर आलं होतं. तिने हाज्जीकडून बॅटरीवरचा एक सुटा कर्णा मागून घेतला, बाह्या तशाच, चिठ्ठ्यांसकट, वर सरकवल्या आणि गाडीकडे चालायला लागली.

"ऑफिसात ना?" लफ्ताने दार उघडत विचारलं.

"पुढच्या तंबूवर," निदाल म्हणाली.